म्हणे, तिला फिनिश नव्हती

ऊसतोड सुरू झाली की कोल्हापूरच्या चहूबाजूंच्या रस्त्यांना एक वास सुटतो. कारखान्याच्या मळीचा आंबूस, गुऱ्हाळातल्या काकवीचा गोड आणि शेतात पेटवलेल्या पाचटाचा करपट, असे तिन्ही वास एकमेकांत कालवलेले असतात. बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. आम्हाला मात्र तो वास आला की थंडी पडल्याची खात्री पटते. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागतात, त्यांच्यावर घराएवढा ऊस रचलेला असतो आणि टपावरच्या कर्ण्यातून गाणी इतकी मोठ्यानं वाजत असतात की मागच्याचा हॉर्न कुणाला ऐकू येऊ नये. परवा पतसंस्थेतून घरी येताना अशाच एका ट्रॅक्टरमागं माझी स्कूटर अडकली. पुढं जायला जागा होती, तरी मी मागंच राहिले. ट्रॉलीच्या आडोशाला वारा लागत नव्हता आणि पाठ आपोआप वाकली होती. हँडलवरचे कोपर आत आले होते. सायकल सोडून मला किती वर्षं झाली, पण अंगाला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात एका सभागृहात गुणी मुलींचा सत्कार होता. सायकलिंगच्या नव्या पोरी, अंगात नव्याकोऱ्या जर्सी, केसांना घट्ट वेण्या. जुन्या खेळाडू म्हणून आम्हा दोघी-तिघींना तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. संघटनेचे सचिव बोलायला उभे राहिले. आमच्या वेळेलाही तेच सचिव होते. तेव्हा केस काळे होते, एवढाच फरक. ते म्हणाले, "आता आमच्या वैजयंताचंच उदाहरण घ्या. चढाला वाघीण होती, वाघीण! पण एका दिवसाच्या शर्यतीत नुसता चढ कामाला येत नाही. तिथं फिनिश लागते, शेवटची मुसंडी. ती काही तिच्याजवळ नव्हती. तेव्हा पोरींनो, आपली कमजोरी वेळेत ओळखा."

टाळ्या पडल्या. पोरींनी मान डोलावली. माझ्या कानशिलांत मात्र असं काही तापलं की पुढचं भाषण मला ऐकूच आलं नाही. एका बाईच्या साऱ्या उमेदीचा हिशेब या माणसानं दोन वाक्यांत मिटवून टाकला आणि वर तो उपदेश म्हणून पोरींच्या हातात दिला!

म्हणून तिचा तो हंगाम सांगायला बसले आहे.

वैजयंता राधानगरीच्या अलीकडच्या एका गावची. घरी दोन म्हशी, थोडा भात, थोडा ऊस. कॉलेजला यायचं तर एसटी भरून यायची आणि त्यांच्या थांब्यावर थांबायचीच नाही, म्हणून ती थोरल्या भावाच्या सायकलवरून यायला लागली. तिकडचा पाऊस म्हणजे आभाळाला भोक पडल्यासारखा. त्यात डोक्याला प्लॅस्टिकचं पोतं बांधून ही बाई रोज एवढं अंतर यायची आणि पहिल्या तासाला हजर असायची. आण्णांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, भर पावसात त्यांच्या मोटरसायकलच्या पुढं निघून जाताना. आण्णा म्हणजे आमचे प्रशिक्षक. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः शर्यती मारलेले, आवाज असा की ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला उभ्या माणसानं दचकावं. त्यांनी तिला थांबवलं आणि विचारलं, "कुणाची गं तू?" ती म्हणाली, "आधी वाट सोडा. मला उशीर व्हायलाय."

मी शिवाजी पेठेतली. आमच्या गल्लीत खेळ म्हणजे दोनच, कुस्ती आणि फुटबॉल. सायकल ही दळण आणायची वस्तू. मी शर्यतीच्या सायकलवर बसायला लागले तेव्हा वडिलांचे तालमीतले मित्र म्हणायचे, "जो पुढं गेला त्यो जिंकला. ह्यात टीम कशाला लागतीया?" त्यांना समजावून सांगता सांगता मी दमून जायची. घोळक्यात दुसऱ्याच्या मागं बसलं की वारा लागत नाही, ताकद राखून ठेवता येते. म्हणून एकीनं पुढं राहून वारा खायचा आणि दुसरीनं मागं राहून पाय ताजे ठेवायचे. माझं काम वारा खायचं. वैजयंताचं काम जिंकायचं. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. फुटबॉलमध्ये पास देणारा असतोच की.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि दिवाळीनंतर थंडी एकदम कडाडून पडली. पंचगंगेवर सकाळी असं धुकं असायचं की पुढच्या पोरीची पाठ दिसायची नाही, नुसता साखळीचा आवाज ऐकत जायचं. पाचटाची काळी राख वाऱ्यावर उडून तोंडावर बसायची. परत आलो की आरशात कोळशाच्या वखारीतून आल्यासारख्या दिसायचो. वैजयंताच्या खिशात केळं नसायचं, गुळाचा खडा आणि शेंगदाणे असायचे. आमची पोटं रिकामी होऊन पाय लटपटायला लागले की तिचे पाय कुठं तापायला लागायचे. हीच तिची खरी ताकद होती. चढ सगळ्यांना दिसायचा. पण चढाच्या आधी जे लांबच लांब अंतर ती विनातक्रार खाऊन टाकायची, ते कुणी बघितलंच नाही. पहिल्या तासात ती आमच्यासारखीच असायची. दुसऱ्या तासात थोडी बरी. आणि सगळ्या जणी मनातून घराकडं वळल्या की तिचा दिवस उजाडायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे वारा. त्या दिवसांत उसाला तुरे आलेले असतात. पांढरेशुभ्र, कापसासारखे. आम्ही ते बघून छान म्हणायचो. ती बघायची ते वेगळ्याच कारणासाठी. "तुरं कुठल्या अंगाला कललेत बघ. ऊस हाय तवर वारा अडलाय. ऊस सपला की उजवीकडनं असा बदाबदा बसंल." आणि खरंच, उसाची भिंत संपून उघडं रान लागलं की बाजूच्या वाऱ्यानं घोळक्याच्या चिंध्या व्हायच्या. त्या क्षणी निसटायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि उणिवा? होत्या की. मी तिची भक्त नाही, सोबतीण होते. तिला घोळक्यात शिरायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. कोपराला कोपर लागलं की ती "आधी तू जा" म्हणून मागं व्हायची आणि मग मागच्या टोकाला राहून दरवेळी घोळका वळला की तेवढं अंतर भरून काढत बसायची. आण्णा चिडायचे, "अगं, देवळात चपला काढून शिरल्यागत काय शिरतीस? घूस की!" एका आठवड्यात त्यांनी आम्हाला रस्त्यावर जाऊच दिलं नाही. फुटबॉलच्या मैदानावर चुन्यानं एक लहानसा चौकोन आखला आणि सगळ्या पोरींना त्यात सायकली फिरवायला लावल्या. जिचा पाय जमिनीला टेकेल ती बाहेर. पेठेतली पोरं फुटबॉल थांबवून बघायला जमली. वैजयंता पहिल्यांदा लगेच बाहेर, दुसऱ्यांदा बाहेर, तिसऱ्यांदाही बाहेर. मग मी तिला मुद्दाम खांद्यानं ढकललं. तिनं वळून माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता मारतीया. आणि पुढच्या फेरीला तिनं मलाच बाहेर काढलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

शेवटच्या धावेत मात्र ती खरंच कमी पडायची. पाय एकदम भडकायचे नाहीत तिचे. चुलीसारखे हळूहळू पेटायचे. उताराचंही तेच. आदल्या वर्षी दवानं भिजलेल्या पहाटे रस्त्यावर सांडलेला, ट्रकांनी चिरडलेला ऊस तिच्या चाकाखाली आला आणि ती उतारावर घसरत गेली होती. मांडीला ती खूण आहे अजून. तेव्हापासून उतार आला की तिची बोटं ब्रेकवर. कुठल्याशा निवड अहवालात त्यावर "उतारावर भित्री" असा शेरा होता. त्या शेरेवाल्याला चिरडलेल्या उसावरून एकदा चालत तरी नेलं पाहिजे होतं!

संक्रांत झाल्यावर राज्य निवडीची शर्यत लागली. पहिल्या तिघी राज्याच्या संघात. कोडोलीहून सुटायचं, वाघबीळ, पन्हाळ्याचा घाट चढायचा, उतरून मोठा वळसा घ्यायचा आणि पुन्हा पन्हाळा चढून वर संपवायची. दोन चढ, आणि मध्ये लांबलचक रस्ता. मार्ग जाहीर झाला तेव्हा आण्णांनी पेढे आणले. "हे अंतर तुझ्या मापानं शिवलंय," म्हणाले. त्या दिवसापासून वैजयंता त्या रस्त्याबद्दल असं बोलायची जसं काही माहेरचा रस्ता.

शर्यतीच्या सकाळी कोडोलीला पोहोचलो तर मंडप सजलेला, खुर्च्यांना पांढरी कापडं, कर्णा वाजतोय. आम्ही चाकांत हवा भरत होतो. तेवढ्यात सचिव माईकवरून म्हणाले, "महिला गटाच्या मार्गात किंचित बदल. घाट वगळण्यात आला आहे. सपाट रस्त्यानं जाऊन वळायचं आणि मंडपासमोर परत यायचं."

किंचित! अर्ध्याहून जास्त रस्ता आणि दोन्ही चढ गेले होते. आण्णा तावातावानं स्टेजकडं गेले, आम्ही मागोमाग.

"साहेब, ही निवड शर्यत हाय. मार्ग कसा बदलतासा?"

"आण्णा, पाहुण्यांना दुपारी दुसरीकडं जायचंय. बक्षीस समारंभ त्यांच्या हातून व्हायला नको? घाटावर बंदोबस्तही पुरत नाही."

"मग पुरुषांचा मार्ग?"

"तो आहे तसाच. त्यांचं बक्षीस संध्याकाळी देऊ. बायकांचं काय, तेवढं बास होतंय की."

वैजयंता पुढं झाली. "साहेब, मी सांगतो—"

"सांगतो काय?" सचिव हसले. "मुलगी ना तू? सांगते म्हण."

बाजूच्या खुर्च्यांवरची माणसंही हसली. आमच्याकडं गावात सगळ्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. त्यात हसण्यासारखं काय होतं? निवड घ्यायला आलेल्या माणसानं पोरीचं व्याकरण तपासावं आणि रस्ता मात्र स्वतः वाटेल तसा मोडावा!

"मी सांगतो ते ऐका," ती परत म्हणाली. "मार्ग बघून आम्ही तयारी केलीया. तो बदलायचा नसतोय."

"शर्यत सुटायची वेळ झाली," सचिव म्हणाले आणि माईककडं वळले.

सुरुवातीच्या रेषेवर ती माझ्या कानाशी पुटपुटली, "शेवटाला घेऊन गेलो तर संपलो. सपाटीला मला पोरी खाऊन टाकतील. ऊस सपला की मारायचं. तू किती वेळ वारा खाशील?"

"मरस्तवर," मी म्हणाले.

ऊस संपला. वारा उजवीकडून बसला. मी खाली वाकले आणि मारलं. मागं ती होती, तिच्या मागं पाच-सहा जणी होत्या, मग तीन, मग कुणीच नाही. मी डोळ्यांसमोर अंधारी येईपर्यंत ओढलं. पाय जड झाल्यावर बाजूला झाले, आणि ती माझ्याशेजारून गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "बास. जा आता." एकटी पुढं गेली. लाल जर्सी, वाकलेली पाठ, दोन्ही बाजूंनी उघडं रान. त्या सपाट रस्त्यावर, जिथं तिचं काहीच चालणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं, तिथं ती निसटली होती. मागच्या घोळक्यानं मला गाठलं तेव्हा ती ठिपक्याएवढी दिसत होती. घोळक्यात मिरजेची शबाना होती, त्या वर्षीची सगळ्यात वेगवान पोरगी. तिनंही जोर लावून बघितला. अंतर तुटेना.

आणि वळून मंडपाकडं परत निघालो तर मागून हॉर्न आले. पाहुण्यांचा ताफा. चार मोठ्या गाड्या आणि पुढं झेंडा लावलेली जीप. शर्यतीच्या रस्त्यावर, शर्यत चालू असताना! त्यांनी घोळक्याला ओलांडलं आणि पुढं उसाची बैलगाडी आडवी आल्यावर वेग कमी केला. मग त्या तशाच आमच्या पुढं राहिल्या. त्या गाड्यांच्या पाठीमागं वारा नव्हता. घोळका त्या आडोशात ओढला गेला. मी ओरडत होते, "गाड्या बाजूला घ्या!" काचा बंद होत्या. त्या पोरींना मी दोष देत नाही. असा आडोसा मिळाल्यावर कुणाचे पाय थांबतील? मीही त्याच आडोशात होते. ठिपका मोठा होत गेला. मग गाड्यांनी तिला इतक्या जवळून ओलांडलं की तिला रस्त्याच्या कडेला मातीत उतरावं लागलं. ती परत डांबरावर येईपर्यंत घोळका तिच्यावर येऊन आदळला होता.

मंडपासमोर शबाना पहिली आली. वैजयंता पाचवी. एवढं एकटीनं ओढल्यावर पाचवी! पण कर्ण्यावरून आवाज घुमला, "शेवटच्या क्षणी वैजयंता मागे पडली! फिनिश कमी पडली!" ते वाक्य तिथं जन्माला आलं. त्या क्षणी, त्या कर्ण्यातून. ज्यानं ते उच्चारलं त्यानं रस्त्यावर काय झालं ते पाहिलंच नव्हतं.

आण्णांनी तक्रार केली. सचिव म्हणाले, "पाहुण्यांच्या गाडीबद्दल तक्रार? अहो, ते आले म्हणून हा मंडप तरी उभा राहिलाय."

"मंडपात कोण शर्यत मारणार हाय?" आण्णा म्हणाले. त्यांचा तो मैदान दणाणून सोडणारा आवाज त्या वेळी इतका खाली आला होता की मला रडू फुटलं.

शबाना स्वतः पंचांकडं गेली. गळ्यात हार तसाच. "सर, गाड्या मध्ये होत्या की. आम्ही सगळ्या त्यांच्या मागनं आलो. ही एकटी होती."

पंच म्हणाले, "तू जिंकलीस ना? मग फोटोला उभी राहा."

समारंभ झाला, पाहुणे गेले, खुर्च्यांवरची कापडं निघाली. वैजयंता एका झाडाखाली पाणी पीत बसली होती. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल. ती उठली, हेल्मेटचा पट्टा लावला आणि म्हणाली, "मी पन्हाळ्याला जातो."

"आत्ता? कशाला?"

"मार्ग ठरल्याला हाय. मी त्यो पुरा करणार."

मी निघाले. आण्णा मोटरसायकल घेऊन निघाले. आणि कोडोलीच्या बाहेर मागून आणखी एका साखळीचा आवाज आला. शबाना होती. हार तिनं हँडलला बांधला होता. "मीबी येते," म्हणाली.

वाघबीळपासून रस्ता वर लागला. उन्हाची तिरीप होती, पर्यटकांच्या गाड्या शेजारून जात होत्या, काचेतून पोरं हात हलवत होती. पहिल्या वळणाला माझा दम संपला, दुसऱ्याला शबाना सुटली. वैजयंता एका तालात वर जात राहिली. ना उठणं, ना डुलणं. मी खालच्या वळणावर पाय टेकून वर बघत राहिले. वरच्या रस्त्यावर लाल जर्सी एकदा दिसायची, डोंगराआड जायची, आणखी वर दिसायची. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मागं बघायला कुणी नव्हतंच. अशी धाव मी पुन्हा कधी पाहिली नाही आणि ती कुठल्याही निकालात लिहिलेली नाही.

वर पोहोचलो तेव्हा ती तटाच्या दगडावर बसून शेंगदाणे खात होती. शबाना धापा टाकत तिच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "शर्यत हितं झाली असती तर माझा नंबर लागला नसता."

"आणि तितं झाली म्हणून माझा न्हाय लागला," वैजयंता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो सगळा माझ्याकडं आला असावा. पण शेंगदाणे धरलेली मूठ तिनं इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. शबानानं ती मूठ हळूच उघडली आणि त्यातले दोन दाणे स्वतः खाल्ले.

उतरताना वैजयंताची बोटं नेहमीसारखी ब्रेकवर गेली. शबाना तिच्या पुढं झाली. "माझ्या चाकावर नजर ठेव. मी वाकले की वाक. ब्रेक वळणाच्या आधी दाब, वळणात सोड. वळणात न्हाय भ्यायचं." आणि मी पहिल्यांदा वैजयंताला पन्हाळ्याचा घाट पाण्यासारखा उतरताना बघितलं. सकाळी एकमेकींना हरवायला आलेल्या त्या दोघी. एकीची ताकद दुसरीच्या उणिवेवर अशी अलगद ठेवली गेली, आणि हे घडवून आणायला कुठला मंडप लागला नव्हता.

ठरलेला मोठा वळसाही घेतला. दुसऱ्या चढाला शबाना अर्ध्यातून परतली. वैजयंतानं तो पुरा केला.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. पुढच्या हंगामात परराज्यात एक लांब पल्ल्याची शर्यत होती, शेवटी डोंगर. ती एकटी पहिली आली. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेच्या लांब शर्यतीत दुसरी. तिच्या वयाच्या मुलींत अंतर आणि चढ यांत तिला तोड नव्हती, हे बाहेरचे प्रशिक्षकही मान्य करायचे. पण देशाच्या शिबिरासाठी चाचणी घेतली ती छोट्या सपाट चक्रावर. तिथं ती हरली, आणि जुना शेरा पुन्हा वर आला: फिनिश नाही. ज्या अंतरावर ती जिंकायची ते अंतर बायकांना निवडीच्या वेळी द्यायचंच नाही, आणि मग म्हणायचं, हिला जिंकता येत नाही. मासोळीला झाडावर चढायला लावून तिचे पाय मोजायचे, असलाच हा न्याय. एका दिवसाच्या शर्यतीत एकच सकाळ असते. आज राहिलं ते उद्या भरून काढता येत नाही. म्हणून तर ती सकाळ कशी आखली जाते याला इतकं महत्त्व. खेळाडूची ताकद नुसती तिच्या मांड्यांत नसते, आणि कमजोरीही नसते. रस्ता कोण आखतो, कुठं वळवतो, कुणाच्या सोयीसाठी तोडतो, यावर अर्धं ठरून जातं. हे त्या सभागृहातल्या पोरींना कुणी सांगितलं?

आता वैजयंता राधानगरी भागातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. सत्कारावरून घरी येताच मी तिला फोन लावला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. तिच्या मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"अगं, एवढी का चिडतीस?" ती म्हणाली. "खरंच न्हवती की माझी फिनिश."

"तू पण असंच म्हणतीस?"

"जे न्हवतं ते न्हवतं. पण माझ्याकडं जे होतं ते त्या माणसानं पोरींस्नी का न्हाय सांगितलं? त्याचा मला राग हाय. तुझ्यापेक्षा जास्त हाय. फकस्त मी फोनवर ओरडत न्हाय." मग म्हणाली, "मंगळवारी बैठक हाय संघटनेची. यंदाच्या पोरींच्या शर्यतीचा मार्ग ठरवायचाय. मला बोलावलंय, बहुतेक खुर्ची भरायला. येतीस?"

मी रजा टाकून गेले. लांबट टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बशीत पोहे. सचिवांनी नकाशा पसरला आणि मुलींसाठी एक छोटं सपाट वर्तुळ बोटानं दाखवलं. वैजयंतानं आपली पेन्सिल काढली, ते वर्तुळ तसंच राहू दिलं आणि त्याच्या बाहेरून मोठी रेघ ओढली. घाट, उतार, लांब रस्ता, परत घाट. "सपाटीच्या पोरींनाबी मध्ये वाव पायजे," म्हणाली आणि मधला टप्पा लांब ठेवला. रेघ सगळ्यांना दिसेल अशी, ठसठशीत. पुरुषांच्या मार्गाएवढीच.

टेबलाभोवती चुळबुळ झाली. कुणी बंदोबस्ताचं काढलं. तिनं सांगितलं, तो पुरुषांसाठी असतोच, त्यातच दोन्ही शर्यती बसतात. कुणी वेळेचं काढलं. तिनं सांगितलं, पहाटे सोडा. कुणी रुग्णवाहिकेचं काढलं. ती म्हणाली, माझ्या शाळेनं बोलून ठेवलीया. शेवटी सचिवांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मनातलं बोलले, "ते सगळं खरं. पण वैजयंता, एवढं अंतर पोरींना झेपेल का?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "समद्यांस्नी न्हाय झेपायचं. ज्यांना झेपणार न्हाय त्या मागं ऱ्हातील. त्यालाच शर्यत म्हणत्यात, साहेब."

एका सदस्यानं नकाशा स्वतःकडं ओढून घेतला, पेन्सिलीच्या रेघेवरून शाईचं पेन फिरवलं आणि दुसऱ्याकडं सरकवला. कुणी अभिनंदन केलं नाही. आपलं चुकलं होतं असंही कुणी म्हणालं नाही. सचिवांनी घसा साफ करून पुढचा विषय पुकारला, पाहुण्यांच्या फेट्यांचा रंग भगवा असावा की गुलाबी. आम्ही दोघी उठून बाहेर आलो तेव्हा त्यावर जोरात वाद चालू झाला होता.